तोंडाचा बाजा : एका उपेक्षित वाद्याची कुळकथा



या व्याख्यानमालेचे निमंत्रण घेऊन मुख्याध्यापक माझ्या घरी आले, तेव्हा त्यांनी विषयही सोबत आणला होता : ‘सीमाभागातील मराठी भाषा आणि साहित्य’. मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने दुसऱ्या कशावर बोलावे, अशी त्यांची रास्त समजूत असणार. परंतु या विषयावर याच व्यासपीठावरून माझ्याहून अधिकारी माणसे बोलून गेली आहेत, आणि त्यात भर घालण्यासारखे माझ्याजवळ फारसे नाही. मी त्यांना म्हटले, मला माउथ ऑर्गनवर बोलू द्या. ते क्षणभर गप्प झाले. पेटी किंवा तबला असता तर त्यांनी लगेच होकार दिला असता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होते. परंतु गुरुजींना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा विषय अवाजवी वाटणार नाही.

गुरुजींच्या सदऱ्याच्या खिशात दोन वस्तू नेहमी असत. एक शाईचे पेन आणि दुसरा रुमालात गुंडाळलेला, दहा भोकांचा माउथ ऑर्गन. गावातले लोक त्याला ‘तोंडाचा बाजा’ म्हणत. मी या शाळेत शिकत होतो तेव्हा शाळेत पेटी नव्हती. घेण्याइतके पैसे नव्हते, आणि देणगी देणाऱ्याला आधी छपराची पत्रे द्यावीशी वाटत. प्रार्थनेला सूर कोण देणार? गुरुजी देत. या वाद्याची एक अडचण अशी, की पेटी वाजविणारा गाऊ शकतो, पण हे वाजविणाऱ्याचे तोंड वाद्यातच गुंतलेले असते. म्हणून गुरुजी प्रार्थनेची पहिली ओळ वाजवीत, बाजा झटकन बाजूला घेऊन ती ओळ गात, आणि आम्ही ती उचलली की पुन्हा बाजा ओठाला लावीत. आम्ही मुले कुठे घसरलो की ते वाजविणे थांबवीत नसत, फक्त भुवई वर करीत. एवढ्या भांडवलावर या शाळेचे संगीत शिक्षण कित्येक वर्षे चालले.

हे वाद्य आले कोठून? त्याचे गोत्र शोधू लागलो की आपण युरोपात नव्हे, पूर्व आशियात जाऊन पोहोचतो. चीनमध्ये ‘शंग’ नावाचे एक अतिप्राचीन वाद्य आहे. वाटीसारख्या भांड्यात उभ्या बसविलेल्या वेळूच्या नळ्या आणि प्रत्येक नळीच्या बुडाशी एक बारीक पातळ जीभ. श्वास आत ओढला तरी वाजते, बाहेर सोडला तरी वाजते. आपल्या सनईलाही जीभ असते, पण तिच्या दोन पात्या एकमेकींवर आपटतात. शंगमधली जीभ कशावरच आपटत नाही. एका टोकाला घट्ट बसविलेली, दुसऱ्या टोकाला मोकळी, ती आपल्या मापाच्या खाचेतून नुसती आरपार हेलकावे खात राहते. हिला मोकळी जीभ म्हणू या. माउथ ऑर्गन, ॲकॉर्डियन आणि आपली बाजाची पेटी ही तिन्ही या मोकळ्या जिभेची लेकरे. भजनात आपण जिला इतक्या भक्तिभावाने पुढे बसवितो, ती पेटी आणि जत्रेत विकला जाणारा तोंडाचा बाजा ही सख्खी भावंडे आहेत, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात चीनमध्ये राहणाऱ्या आमियो नावाच्या जेझुइट पाद्र्याने शंगचे नमुने पॅरिसला पाठविले. त्याच सुमाराची एक गोष्ट भाषेचा विद्यार्थी म्हणून मला फार प्रिय आहे. सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीने एक बक्षीस जाहीर केले होते : माणसाच्या मुखातून निघणारे अ, ए, इ, ओ, उ हे स्वर यंत्राने उच्चारून दाखवावेत. १७८० साली क्रात्झेनस्टाइन या विद्वानाने ते बक्षीस मिळविले. त्याने निरनिराळ्या आकारांच्या पोकळ नळ्या केल्या, आणि त्यांत ज्या जिभा बसविल्या त्या मोकळ्या होत्या. म्हणजे युरोपात ही जीभ प्रथम गाण्यासाठी नव्हे, तर बोलण्यासाठी कामास आली. व्याकरणात ज्याला आपण स्वर म्हणतो आणि संगीतात ज्याला स्वर म्हणतो, त्यांना एकच शब्द असणे हा केवळ योगायोग नाही, असे मी वर्गात सांगत असे. क्रात्झेनस्टाइनची नळी मला तेव्हा ठाऊक असती तर उदाहरण म्हणून उपयोगी पडली असती.

पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत जर्मन भाषक प्रदेशात या जिभेवर अनेकांनी हात चालविले. बर्लिनचा तरुण बुशमान याला १८२१ च्या सुमारास माउथ ऑर्गन बनविल्याचे श्रेय परंपरेने दिले जाते. व्हिएन्नात डेमियनने १८२९ साली ॲकॉर्डियनचा परवाना घेतला, आणि पॅरिसमध्ये देबँ याने १८४०नंतर लवकरच पायाने भाता हलविण्याच्या वाद्याला ‘हार्मोनियम’ हे नाव दिले. ‘हार्मोनिका’ हा शब्द मात्र त्याआधीचा. अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनने १७६१ साली काचेच्या फिरत्या वाट्यांचे एक वाद्य बनविले, त्याचे ते नाव. वाट्या गेल्या आणि नाव तेवढे मागे राहिले. नावांच्या नशिबी असले पुनर्विवाह पुष्कळदा येतात.

माउथ ऑर्गनला जगभर नेले ते दक्षिण जर्मनीतील ट्रॉसिंगेन या लहानशा गावाने. तेथे मथियास होनर नावाचा घड्याळजी होता. १८५७ साली त्याने घरच्या माणसांना हाताशी धरून हा उद्योग सुरू केला. पहिल्या वर्षी साडेसहाशे नग निघाले. अमेरिकेला गेलेल्या आप्तेष्टांमार्फत त्याने माल तिकडे धाडला, आणि तीस वर्षांत वर्षाकाठी दहा लाखांपर्यंत मजल गेली. १८९६ साली ‘मरीन बँड’ हा दहा भोकांचा नमुना निघाला, तो आजही विकला जातो. घड्याळजीच्या हाताला बारीक पितळी कामाची सवय असते. कानसेने जिभेचे टोक किंचित घासले की सूर चढतो, बुडाशी घासले की उतरतो. आपल्याकडे पेटी दुरुस्त करणारे कारागीरही हेच करतात, आणि त्या जिभांनाच ‘सूर’ म्हणतात. पेटीत ‘सूर’ बसवितात, ‘सूर’ काढतात, ‘सूर’ घासतात. अमूर्त वस्तूला इतके हाताळण्याजोगे करून टाकणारी दुसरी बोली मी ऐकली नाही.

आता या दहा भोकांत काय असते ते जरा सविस्तर सांगतो, कारण पुढचे सर्व त्यावर अवलंबून आहे. प्रत्येक भोकात दोन जिभा असतात. एक फुंकल्यावर वाजते, दुसरी श्वास ओढल्यावर. मधल्या सप्तकात चौथ्या भोकावर फुंकले की सा, ओढले की रे. पाचव्यावर फुंकले की ग, ओढले की म. सहाव्यावर फुंकले की प, ओढले की ध. येथपर्यंत हिशेब सरळ आहे. सातव्यावर मात्र तो उलटतो. आधी ओढायचे, मग फुंकायचे : ओढला की नी, फुंकला की वरचा सा. म्हणजे ध आणि नी हे दोन सूर लागोपाठ ओढावे लागतात, आणि नवशिका हमखास तेथे अडखळतो. गुरुजींनी मला शिकविले तेव्हा मी दोन आठवडे त्या ठिकाणी उचकी लागल्यासारखा वाजवीत असे. ते म्हणत, ‘अरे, घाटात चढणारी बैलगाडी वळणावर बैल बदलत नाही, दम धरते.’

हे झाले मधल्या सप्तकाचे. त्यात बिलावलचे सातही सूर हजर आहेत. परंतु खालच्या सप्तकात, पहिल्या तीन भोकांत, फुंकून सा, ग, प मिळतात आणि ओढून रे, प, नी. मध्यम आणि धैवत नाहीतच. वरच्या सप्तकात निषाद नाही. हा कारागिराचा प्रमाद नव्हे. युरोपातल्या गावकऱ्याला चार सूर एकदम वाजवून साध्या गाण्याला साथ करायची होती, त्या सोयीसाठी हे सूर गाळले. बनविणाऱ्याने ठरविले, की या वाद्याच्या धन्याला याहून अधिक लागणार नाही.

या गाळलेल्या सुरांकडे मी परत येणार आहे. तत्पूर्वी थोरल्या भावंडाची, म्हणजे पेटीची, हकीकत सांगणे अवश्य आहे. माझा प्रबंध संगीत नाटकांतील पदरचनेवर होता, त्यामुळे पेटीशी माझा कागदोपत्री परिचय बराच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी पायाचा भाता काढून हाताचा भाता बसविला आणि पेटी जमिनीवर, बैठकीत आली. मराठी रंगभूमीने तिला आणि तिच्या वडील बहिणीला, ऑर्गनला, कायमचे घर दिले. गोविंदराव टेंबे यांच्यासारखा कलावंत एकीकडे भास्करबुवा बखल्यांच्या साथीला पेटीवर बसतो आणि दुसरीकडे १९११ साली ‘मानापमाना’च्या पदांना चाली देऊन पुढे स्वतः धैर्यधर म्हणून उभा राहतो, हे मराठीतच घडू शकले. पुढे विठ्ठलराव कोरगावकर, पी. मधुकर, आप्पा जळगावकर, गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर अशी परंपरा झाली. पु. ल. देशपांड्यांचे पेटीवादन तर सर्वश्रुत आहे.

आणि तरीही या वाद्याला आकाशवाणीने १ मार्च १९४० पासून दारे बंद केली होती. आक्षेप दोन. हिचे सूर कारखान्यात पक्के झालेले, त्यामुळे श्रुती हलत नाहीत. आणि एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची, म्हणजे मींडेची, सोय नाही. रवीन्द्रनाथ ठाकुरांनीही पेटीला विरोध केला होता. स्वातंत्र्यानंतर बा. वि. केसकर हे पुण्याचे गृहस्थ नभोवाणीमंत्री झाले, १९५२ ते १९६२. त्यांनी हा निर्बंध तर पाळलाच, शिवाय चित्रपटगीतांनाही आकाशवाणीवर थारा दिला नाही. बंदी सैल झाली ती १९७१ साली, एकतीस वर्षांनी. पेटीवरचे आक्षेप शास्त्रदृष्ट्या खोटे नव्हते, हे मान्य केले पाहिजे. पण भजनी मंडळांनी कोणाची परवानगी विचारली नाही. आमच्या जैनथ, बेला भागातील देवळांत पेटी बंदीच्या काळातही वाजत होती. तिकडे रेडिओच नव्हता, मग बंदी तरी कशी कळावी!

केसकरांच्या धोरणाचा एक अनपेक्षित परिणाम असा, की माणसे चित्रपटगीते ऐकण्यासाठी रेडिओ सिलोन लावू लागली. तोंडाचा बाजा आमच्या पिढीच्या कानांत त्या वाटेने शिरला. १९५८ च्या ‘सोलवां साल’ मध्ये देव आनंद आगगाडीच्या डब्यात गातो, त्या गाण्यातला माउथ ऑर्गन तरुण राहुलदेव बर्मनने वाजविलेला आहे. मग १९६४ साली ‘दोस्ती’ आला. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे, त्यांतले लक्ष्मीकांत कुडाळकर आपले. त्या दोघांसाठीही माउथ ऑर्गन वाजविला तो राहुलदेवनेच. एक पांगळा मुलगा आणि एक आंधळा मुलगा. पांगळा बाजा वाजवितो, आंधळा गातो. मघाशी म्हटले ना, की हे वाजविणाऱ्याला गाता येत नाही. ‘दोस्ती’ची सारी कथा या अडचणीवर उभी आहे. एकाचे तोंड वाद्यात अडकलेले, म्हणून त्याला दुसऱ्याचे तोंड हवे.

तो चित्रपट फिरत्या तंबूत आमच्या गावी आला तेव्हा मी पंधरा वर्षांचा असेन. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक मुलाला बाजा हवा होता. वडिलांकडे पैसे मागण्याची सोय नव्हती. तेव्हा गुरुजींनी रोज मधल्या सुट्टीत आपला बाजा एकेका मुलाच्या हाती दिला. वाजवून झाला की रुमालाने पुसायचा आणि पुढच्याला द्यायचा. आज हे आरोग्याच्या दृष्टीने कोणाला पटणार नाही. त्या काळी त्यात आणखी एक गोष्ट होती, जिचा अर्थ मला उशिरा कळला. त्या रांगेत सर्व जातींची मुले होती आणि बाजा एकच होता. गुरुजींनी त्यावर कधी भाषण केले नाही. काही पालक तक्रार घेऊन आले, तेव्हा त्यांनी एवढेच सांगितले, की ज्याला नको असेल त्याने रांगेत उभे राहू नये.

१९७५ च्या ‘शोले’तला, सांजवेळी ओसरीत बसून वाजविलेला तो एकाकी सूर सर्वांच्या परिचयाचा आहे. पडद्यावर अमिताभ बच्चन असले तरी वाजविणारे भानू गुप्ता होते. २०१८ साली त्यांचे निधन झाले. आपल्याकडे या वाद्याचे सारे वैभव असे पडद्यामागचे. त्याला घराणे नाही, गंडाबंधन नाही, अभ्यासक्रम नाही. आता प्रश्न असा, की ज्याच्यावर कोणी बंदीही घातली नाही, कारण ते बंदी घालण्याच्या लायकीचेही कोणास वाटले नाही, त्या वाद्यात खरोखर काही आहे काय?

याचे उत्तर अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांनी दिले. स्वस्त आणि खिशात मावणारे म्हणून हे जर्मन वाद्य दक्षिणेकडील शेतमजुरांच्या हाती पडले. त्यांच्या गाण्याला लागणारे हलते, दुखरे सूर त्यात नव्हते. त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली, त्यांनी सा हलविला. फुंकून मिळणाऱ्या सा ऐवजी त्यांनी दुसऱ्या भोकात ओढून मिळणारा पंचम हाच सा मानला. आपल्या संगीतात याला मूर्च्छना म्हणतात. बिलावलच्या पंचमाला षड्ज केले की खमाज उभा राहतो, कोमल निषादासह. ट्रॉसिंगेनच्या घड्याळजीने बिलावल भरून पाठविला होता, यांनी त्यातून खमाज काढला.

दुसरी गोष्ट याहून विलक्षण. एकाच भोकात दोन जिभा शेजारी नांदतात, हे सांगितलेच. श्वास ओढताना तोंडातली पोकळी बदलली, आपली स्वतःची जीभ जरा मागे आणि खाली घेतली, की वाद्यातला वरचा सूर आपल्या खालच्या शेजाऱ्याकडे झुकू लागतो, आणि दोहोंच्या मधले सूर वाटेत सापडतात. तिसऱ्या भोकात ओढून नी आहे आणि फुंकून प आहे. नी वाकविला की कोमल नी मिळतो, आणखी वाकविला की ध, आणखी वाकविला की कोमल ध. दुसऱ्या भोकात ओढून प आणि फुंकून ग. प वाकविला की तीव्र म, मग शुद्ध म. म्हणजे खालच्या सप्तकातून गाळलेले मध्यम आणि धैवत तेथे होतेच. बनविणाऱ्याला ते ठाऊक नव्हते. आणि ते कसे मिळतात? घसरत, मींडेने. ज्या गुणाच्या अभावी थोरल्या पेटीला एकतीस वर्षे बाहेर ठेवले, तो गुण या धाकट्या, हिशेबातही न धरलेल्या भावंडाजवळ आहे. पेटीची जीभ माणसापासून दूर, लाकडात आहे. बाजाची जीभ माणसाच्या जिभेशेजारी आहे, म्हणून ती तिचे ऐकते.

शिकागोच्या लिटल वॉल्टरने १९५२ साली ‘ज्यूक’ नावाची ध्वनिमुद्रिका केली. बाजा आणि ध्वनिक्षेपक दोन्ही एकाच ओंजळीत धरून तो वाजवी. ती मुद्रिका पुढच्या वादकांचा पाठ होऊन बसली. त्याच सुमारास लॅरी ॲडलरसाठी व्हॉन विल्यम्ससारख्या थोर इंग्रज रचनाकाराने माउथ ऑर्गन आणि वाद्यवृंद यांची रचना लिहिली. आणि तरी १९४८ साली अमेरिकेतील संगीतकारांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार टाकला तेव्हा माउथ ऑर्गनवाल्यांना तो लागू झाला नाही, कारण संघटनेच्या लेखी ते वाद्य नव्हतेच, खेळणे होते! जाता जाता आणखी एक सांगतो, विद्यार्थ्यांना आवडेल. १६ डिसेंबर १९६५ रोजी अंतराळवीर वॉली शिरा याने ‘जेमिनी ६’ या यानात चोरून नेलेला चार भोकांचा इवलासा बाजा वाजविला. पृथ्वीबाहेर प्रथम वाजले ते हे खेळणे.

खेळणे हा शब्द मीही एकदा वापरला आहे. ते सांगण्यासाठीच मी हा विषय मागून घेतला.

मी पैनगंगेपलीकडच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवीत होतो. १९८३ च्या सुमारास सांस्कृतिक विभाग माझ्याकडे होता. उटनूरकडच्या एका खेड्यातून आलेला एक विद्यार्थी माझ्या वर्गात होता. जातीने परधान. आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे, की परधान हे गोंडांचे भाट, गोंडांच्या देवांच्या आणि वीरांच्या कथा किंगरीवर गाणारे. गातात गोंडीत, पण घरी मराठी बोलतात. त्या मराठीला आपण कोणती मराठी म्हणायचे, हे मला त्या वेळी पक्के ठाऊक होते. अशुद्ध. त्याच्या उत्तरपत्रिकेत मी तांबड्या शाईने इतक्या रेघा ओढल्या होत्या, की मूळ मजकूर दिसेना. युवक महोत्सवाच्या निवडीला हा मुलगा खिशातून माउथ ऑर्गन काढून उभा राहिला. त्याने किंगरीवरची एक धून वाजविली. सूर सरळ उभे राहत नव्हते. प्रत्येक सूर खाली ओघळत होता, मग परत चढत होता. मी अर्ध्यावर हात वर केला. म्हणालो, ‘बेसूर होतंय. आणि हे खेळणं आहे, वाद्यांच्या यादीत बसत नाही.’ वास्तविक नियमावलीत अशी काही अट नव्हती. तो माझा शब्द होता. त्याने बाजा खिशात टाकला, ‘बरं सर’ म्हणाला आणि गेला. पुढच्या वर्षी तो महाविद्यालयात दिसला नाही. त्याचे कारण शेतीही असेल, पैसाही असेल. पण मी चौकशी केली नाही, एवढे खरे.

ज्याच्या उष्ट्या बाजावर मी सूर ओळखायला शिकलो, त्या गुरुजींचा मी विद्यार्थी. ‘बेसूर’ हा शब्द मी त्या मुलापुढे कसा उच्चारला, याचे कोडे मला पुष्कळ वर्षे पडले नाही. ते पडले निवृत्तीनंतर. अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या पुतण्याने लिटल वॉल्टरच्या ध्वनिमुद्रिका ऐकविल्या, आणि मघाशी सांगितलेले सूर वाकविण्याचे तंत्र त्याने बाजा हातात घेऊन मला समजावून दिले. तिसरे भोक, नी पासून कोमल ध पर्यंत. मला एकदम ती निवड चाचणी आठवली. तो मुलगा हेच करीत होता. कोणी शिकविले नसताना, किंगरीच्या गजाने जो सूर ओढला जातो तो त्याने श्वासाने ओढला होता. गुरुजींनी आम्हाला सरळ सूर शिकविले, कारण प्रार्थनेला तेच लागत. मला वाटले, सूर तेवढेच.

सेतुमाधवराव पगडी १९४०च्या दशकात निजामाच्या राज्यात अधिकारी म्हणून या जिल्ह्यात होते. मराठी माणूस, इतिहासाचा व्यासंगी. त्यांनी येथे येऊन गोंडी आणि कोलामी शिकून घेतल्या आणि त्यांची व्याकरणे लिहिली. ज्या भाषांना लिपी नाही त्यांना व्याकरण कसले, असे तेव्हा सुशिक्षित माणूस म्हणे. पगडी बसून ऐकत राहिले. माझ्याजवळ त्यांच्याहून अधिक पदव्या होत्या.

आपल्या जिल्ह्याचे भाग्यही तसेच विचित्र. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबादमधून तिकडे गेले. आपण इकडे राहिलो, आंध्र प्रदेशात, आणि २०१४ पासून तेलंगणात. २०१६ साली तर जुन्या जिल्ह्याचेच चार जिल्हे झाले. तिकडचे लोक आपल्या मराठीला हसतात, कारण तीत तेलुगू आणि उर्दू शब्द येतात. वर्गातल्या मुलांनी त्या हसण्याला भिऊन तोंड मिटून घेतलेले मी पाहिले आहे. मग आपणही आपल्याहून आत राहणाऱ्याच्या मराठीला हसतो. ही साखळी मी चांगल्या प्रकारे ओळखतो, तिची एक कडी मी होतो.

सात-आठ वर्षांपूर्वी पुष्य अमावास्येला केसलापूरच्या नागोबाच्या यात्रेत तो मला भेटला. मी ओळखले नव्हते, त्याने ओळखले. केस पिकलेले, खांद्याला किंगरी. पाया पडू लागला, मी अडविले. मी त्या दिवसाचा विषय काढला आणि माझे चुकले असे सांगितले. तो हसून म्हणाला, ‘नाही सर, तुम्ही बरोबरच बोलला होता. मला येतच नव्हतं.’ त्याने रागाने काही म्हटले असते तर मी घरी येऊन झोपू शकलो असतो. मी त्याला बाजा अजून वाजवता का म्हणून विचारले. नातवाने हरवला, म्हणाला.

एवढे बोलून मी खरे तर थांबायला हवे, परंतु एक काम राहिले आहे. गुरुजींच्या कुटुंबीयांनी त्यांचा माउथ ऑर्गन शाळेला दिला आहे आणि तो कार्यालयाच्या कपाटात चषकांच्या शेजारी ठेवलेला आहे. मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी तो आज सकाळी बाहेर काढला. वरच्या पत्र्याला दोन ठिकाणी गंज आहे. दहाही भोके मी तपासली. पाचव्या भोकात ओढल्यावर मिळणारा मध्यम वाजत नाही, बाकी सर्व जिभा ठीक आहेत. बहुधा खाचेत कचरा अडकला असावा. पत्रा काढून जिभेखालून कागदाची पातळ पट्टी हलकेच फिरविली की सुटेल, त्याला कारागीर लागत नाही. आठवीच्या दोन मुलांनी हे काम उद्या करायचे कबूल केले आहे. त्यानंतर तो कपाटात परत जाऊ नये, अशी माझी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना विनंती आहे. आणखी एक डझन बाजे घेण्याची रक्कम मी मुख्याध्यापकांच्या स्वाधीन केली आहे. गुरुजींच्या काळी एकच होता, आता प्रत्येकाला आपला घेता येईल.

आता मुलांनो, उभे राहा. मी प्रार्थनेची पहिली ओळ वाजवितो. माझा दम आता पूर्वीसारखा पुरत नाही, आणि मध्यम आज वाद्यात नाही. तो जेथे येईल तेथे मी थांबेन, तेवढा सूर तुम्ही लावा.